तैनाती फौजेचा डबा

तैनाती फौज तुम्ही पुस्तकात वाचलीत, मी ती जेवताना पाहिलीय गड्यांनो! बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी उंब्रजजवळच्या एका शाळेत आठवीला इतिहास शिकवायचो. पोरांना तैनाती फौज काही केल्या कळेना. म्हटलं, नाटकच करू. तालमीत जाणारी पाच-सहा दांडगी पोरं इंग्रज केली, त्यांचा म्होरक्या दादू. बाकी एकेक बाक म्हणजे एकेक संस्थान.

दादू पहिल्या बाकाशी गेला. "मागचा बाक तुमच्यावर टपलाय. आमचा एक गडी राखणीला ठिवा, त्याला फकस्त खायाला घाला."

पहिल्यानं ठेवला. ते बघून दुसरा घाबरला, त्यानंही ठेवला. तास संपेपर्यंत सगळ्या संस्थानांची भाकरी इंग्रजांच्या पोटात, आणि संस्थानिक गळा काढून रडतायत!

आवाज ऐकून हेडमास्तर छडी घेऊन आले. सगळं ऐकल्यावर पोरांवर उखडले, "गाढवांनो, राखणदारच तुमचा डबा खातोय, एवढं कळत नाही?"

दादू तोंड पुसत अदबीनं म्हणाला, "आवं सर, नववीची पोरं तुमच्या दारातल्या पेरूवर टपल्यात. आमचा एक गडी ठिवू का राखणीला?"

हेडमास्तरांनी छडी खाली केली. "कधीपासून येईल?"

आठवड्यात झाडावर नुसती पानं उरली. आणि हेडमास्तर कशाचे एम. ए., ठाऊक आहे? इतिहासाचे!