शंभरातला वाटा

— नाई मॅडम, तो लॅपटॉप बंद करा, मले दिसला तुमचा नकाशा. गडद रंगाचे देश म्हणजे मदतीवर जगणारे, फिक्या रंगाचे म्हणजे स्वतःचं खाणारे, एवढंच ना? समुद्रातलं एखादं बेट, तिथी देशाच्या कमाईत शंभरातले तीस-चाळीस रुपये बाहेरचे — आफ्रिकेत कुठी दहा, कुठी वीस — अन् आपला भारत? शंभरात काही पैसे. रुपया बी नाई. म्हून आपला रंग पांढराफटक. वा. दिल्लीहून आरमोरीले हे दाखवाले आल्या? मले वाटलं — जाऊ द्या, काय वाटलं ते. फोनवर तुम्ही ‘मदत’ म्हणाल्या, तं मी खुर्च्या पुसल्या, दाढी करून बसलो. आता म्हणता निस्ता अभ्यास आहे. करा. चहा घ्या.

हा असाच तक्ता घेऊन एक साहेब येऊन गेला पहिले. आमच्या संस्थेले पैसा द्याचे ना, परदेशातले, त्यायचा. पोरगाच होता, गोरा, घामानं भिजलेला. मी त्याले कोसमटोल्याले नेलं — तिकडं जंगलात आमचा दवाखाना होता, सिकलसेल, मलेरिया, बाळंतपण, सारं तिथीच. बाकावर एक पोरगी सांधे धरून कण्हून राह्यली, अन् हा दारात उभा राहून मले सांगते, मिस्टर गुणवंत, तुमचा देश आता मदत घेणारा नाई राह्यला, दुसऱ्याले देणारा झाला. मी म्हटलं, देशाचं कायले सांगता, या गावाचं पाहा — इथी डॉक्टर, गोळ्या, गाडी, नर्सचा पगार, सारंच तुमचं, शंभरातले शंभर. तं म्हणते, गावाचा आकडा आमच्या तक्त्यात नसते. पाह्यलं? कण्हणारी पोरगी तक्त्यात नसते. पैसा झाला बंद.

गावाले सांगाले मीच गेलो. नर्स बुधरी माझ्या बाजूले बसली होती — त्याच गावची, गोंडाची पोरगी, मीच तिले गडचिरोलीले ठेवून शिकवली, माहीत आहे का तुम्हाले? मले वाटलं लोकं रडतील. हात जोडतील, भाऊ काही करा म्हणतील. मी बोलाचं काय ते ठरवून बी गेलो होतो. कोणी रडलं नाई. लालसू म्हणून म्हातारा आहे, ग्रामसभेत त्याचा शब्द चालते — तो म्हणते, ‘गुणवंतभाऊ, नर्सबाईचा पगार आम्ही देऊ.’ मले हासू आलं. कुठून देता? तं म्हणते, बांबूतून. तेंदूच्या पानातून. तेव्हा नुकतंच जंगल गावाच्या हक्कात आलं होतं, ठेकेदार हटला, ग्रामसभाच माल विकून राह्यली. मी बुधरीकडं पाह्यलं. मले वाटलं ही तरी उठीन माझ्यासंगं. नाई उठली.

तो दवाखाना? चालते ना. काऊन नाई चालणार? औषधं आहेत, डॉक्टर बी येते अधूनमधून, भिंतीले कसातरी हिरवा रंग देला. पण त्याले का दवाखाना म्हणाचं? बाळंतीण आत अन् दारात बकऱ्या. मी सहज गेलो होतो पावसाळ्यात — सहज म्हणजे, पाहाले, की किती दिवस निभते यायचं. मोडलं असलं तं दोन शब्द सांगावं म्हून. अन् तिथीच अंगणात पडलो. मलेरिया, डोक्यात चढलेला. शुद्ध आली तं बुधरी सलाईन धरून उभी, अन् लालसू माझे पाय चोळून राह्यला. मी म्हटलं, पैसे देतो. तं बुधरी म्हणते, ‘भाऊ, बाहेरगावच्या माणसाकडून घ्याचं नाई, ग्रामसभेत ठरलं आहे.’ बाहेरगावचा. मी. ज्यानं त्या दवाखान्याची पहिली वीट ठेवली, तो बाहेरगावचा.

अन् वरून सांगते, इथीच राहा भाऊ, मागची खोली रिकामी आहे, हिशोब पाहाले माणूस पायजे आम्हाले. नाई म्हटलं. मी देणारा माणूस आहे, घेणारा नाई — असं तोंडावर सांगतलं तिले. वाईट वाटलं असंल. वाटू द्या. तरी तिचा नवरा आरमोरीच्या बाजाराले आला का तांदूळ टाकून जाते दारात, उडीद टाकते, अन् बीपीच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून. मी मागतलं का? नाई मागतलं. खातो, फेकून थोडीच देणार. माझा पोरगा नागपुरात आहे, तो बी पैसे पाठवते — म्हणजे पाठवत होता. घर या संस्थेचंच आहे, भाडं कोणी मागत नाई अजून. एकटा माणूस, लागते किती —

काय विचारलं?

नाई, ऐकू आलं. माझ्या घरात शंभरातले किती बाहेरचे, असंच ना.

…चहा थंडा झाला तुमचा. राहू द्या तो. वडशाची गाडी चौकात लागते, तिथी उभ्या राहा. नाई, मी येत नाई पोचवाले. अन् दार ओढून घ्या जाता जाता.