हिरवं लुगडं

पासष्ट साली बालाघाटच्या दवाखान्यात चंपाबाईनं ‘पडली’ म्हणून चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि मोडलेला हात धरून ती बाकावर बसली. शेजारी दोन बाया बोलत होत्या.

“दुर्गाबाई, हिरवं लुगडं कोनाले वं?”

“लेकीले. जावयानं कुऱ्हाडीनं मारली. लाश भेटाची वाट पाहून राह्यली.”

“अन् हिरवं काहून?”

“नवरा जित्ता हाय ना, ठाण्यात बसला. अहेव गेली माही पोरगी. बाया म्हन्तेत, नशीबवान.”

“तिनं कधी सांगतलं नाही?”

“पोळ्याले आलती सांगाले. मीच परत धाडली. म्हन्लं, कुंकू सांभाळ.”

“मंग?”

“सांभाळलं ना तिनं.”

चंपाबाई उठून चिठ्ठीच्या खिडकीशी गेली.

“बाबूजी, चिठ्ठीवरचं ‘पडली’ खोडा.”