आज्जाची रायफल आन् अर्धी विहीर

...आन् तो लातूरच्या कचेरीतला क्लार्क, तुम्हाला सांगतो, तोंडातलं पान ह्या गालातून त्या गालात सारतो आन् मला विचारतो, बंदूक का रायफल? अरे, लायसनच्या अर्जात काय लिहिलंय मग! रायफल! आमच्या आज्जाची, गुरुपादप्पाची, निजामाच्या टायमाची! किनवटच्या जंगलात हिच्यानंच वाघ मारला आज्जानं! तर म्हणतो, कंपनी लिहा, किंमत लिहा, आन् जुनी फाईल उस्मानाबादहून आणा. गेलो उस्मानाबादला. तिथला शहाणा म्हणतो, तुमचा तालुका लातुरात गेला, फाईल बी गेली. आलो लातूरला. हे म्हणतात, आली न्हाई. मग हाय कुठं, एष्टीत झोपली का? तर म्हणे, "जिल्हा नवा हाय, आप्पा. टाइम लागतो." अहो, तीन वर्षं झाली जिल्ह्याला! तीन वर्षांत लेकरू पळायला लागतं, ह्यांचा जिल्हा अजून पाळण्यातच!

तुम्ही म्हणाल, एका बंदुकीपायी मन्मथआप्पा एवढा जीव का टाकून राहिले... बंदूक न्हाई हो, रायफल म्हणा. त्याचं असं झालं, आज्जा वारला, वाटणी झाली, जमीन निम्मी निम्मी, राहिली विहीर आन् रायफल. माझा धाकटा भाऊ शिवप्पा, खालच्या मानेचा, अर्धं कळतं अर्धं न्हाई. म्हणलं, माझी अर्धी विहीर बी तूच घे, रायफल माझी. का? विहीर खांद्यावर टाकून उदगीरच्या बाजारातून चालता येतं का? आमची बायको गुरम्मा तेवढं म्हणली, "रायफल पिता येती का?" बाईमाणसाला शान काय कळती! आन् त्याच साली पाऊस गायब, पुढच्या साली बी गायब. ज्वारी गेली, आन् मी, थोरला, घागर घेऊन धाकट्याच्या विहिरीवर! आन् रायफल? ती ठाण्यात, लायसन माझ्या नावावर होईतोवर. पर मी मनात धरलेलं, एकदा किंमत ठरू दे, इलायती निघाली तर इकतो आन् बोअरच पाडतो, मग कोण शिवप्पा आन् कोणाची विहीर!

म्हणून नांदेडहून रहीमचाचाला आणलं, बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा. तिकीट माझं, चहा माझा, कंधारपासून खोकला त्याचा. ठाण्यात जमादारानं रायफल काढून दिली. चाचानं नळीत करंगळी घातली, फिरवली, फुंकर मारली. म्हणला, "आप्पा, ये रायफल नइं. रायफल के नली में अंदर आटे रहते. ये ठासनी की बंदूक है." जमादार हसाया लागला, फुकटचा. मी म्हणलं, वाघ मारलाय हिनं! तर चाचानं आज्जाचं उर्दू लायसन घेतलं, चष्मा पुसला, वाचलं. "फसल के हिफाजत के वास्ते लिखा है. शेर का नाम नइं, सुव्वर का है." आन् किंमत? म्हणला, लोहे का भाव पूछो. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं अख्खं गाव ज्या आज्जाला वाघमाऱ्या म्हणलं, तो शेतातल्या माळ्यावर बसून डुकरं हाकलत होता! घरी आलो. गुरम्माला सांगितलं. तिनं घागर पुढं केली. लई वाईट वाटलं हो. अर्धी विहीर घालवली मी, असल्या नळकांड्यापायी.

आन् आठव्या दिवशी शिवप्पा दारात. मान खाली. म्हणला, "दादा, रायफल मला दे. विहीर पुरी तू घे." मनात म्हणलं, ह्या येड्याला चाचाचं काय कळलेलं दिसत न्हाई! वर तोंड करून म्हणलं, आज्जाची निशाणी हाय रे, जीव तुटतो, पर तू धाकटा. त्याच दिवशी स्टँप, दोन पंच, अंगठे-सह्या, काम फत्ते! रातभर हसू आवरंना मला. भावाला फसवल्याची लाज? आली, न्हाई असं न्हाई, पर विहिरीपुढं टिकली न्हाई.

सकाळी मोट जुपायला गेलो, तर विहिरीवर तलाठी साहेबराव, हातात कागद. म्हणला, विहीर सरकारनं अधिग्रहित केली, गावाच्या पिण्यासाठी, शेताला थेंब बी न्हाई. म्हणलं, कवा? म्हणला, नोटीस गेल्या सोमवारीच दिली की शिवप्पाला. अहो, आठ महिने माझी एक फाईल सापडंना, आन् हा कागद असा पळत आला? "हाव," म्हणला. "जिल्हा नवा हाय, आप्पा. सायेब लई जोरात हायत."

आता विहीर माझी. ग्रामसेवकानं पाण्याची घरवार यादी केलीय, मालकाला सवलत न्हाई. माझा नंबर बेचाळीस. शिवप्पाची होती तवा, भाऊ म्हणून, पहिली घागर माझी असायची.