कर्जाला कौल नव्हता

आमच्या भागात देवाला कौल लावल्याशिवाय मोठं काही ठरत नाही, पण तुये गावच्या शाणूभाऊंचं ऐका. मी डिचोलीत लोकांचे टॅक्स रिटर्न भरतो. पोराच्या पायलट ट्रेनिंगच्या खर्चावर करात सूट मिळेल का, असं विचारायला ते माझ्याकडे आले.

मी म्हटलं, “फीवर नाही मिळत. बँकेचं कर्ज काढलं असतंत, तर व्याजावर मिळाली असती.”

“देवान कर्जाक कौल देऊक नाय. म्हणान काजूची बाग विकलंय.”

“असू दे. पोरगा कमवायला लागला की नवी घ्याल.”

“त्येचा ट्रेनिंगचा इमान पडला, गेल्या म्हयन्यात.”

फीच्या पावत्या पिशवीत भरता भरता ते म्हणाले, “देवाक फक्त कर्जाचा इचारलंय. पोरगो जिवंत परत येतलो काय, ता इचारूकच नाय.”