उशी, मंगळवार आणि मास्तर

वहिनी: पण अडीच तास? डॉक्टरांनी अर्धा तास चालायला सांगितलं होतं. हे सहाला घराबाहेर पडतात, साडेआठपर्यंत पत्ता नसतो.

सायकलवाला: वहिनी, आधी टेका बघू. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय नावापुरता आहे. या पेटीवर बसा. मास्तर कुठे हरवले नाहीत. अजून वीस मिनिटांनी या कोपऱ्यावर येतील, हवं तर घड्याळ लावून घ्या.

वहिनी: तुम्ही ओळखता यांना?

सायकलवाला: माझ्या लग्नाचा कोट त्यांनीच शिवला. कोट अजून तसाच आहे, मीच त्यात मावत नाही.

वहिनी: मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. चार महिने झाले, घरात एक शब्द नाही. उद्या रस्ता चुकले तर कुणाला पत्ता सांगणार? म्हणून ही चिठ्ठी केली. आज यांच्या खिशात ठेवते, आणि उद्यापासून एकट्याने फिरणं बंद. जायचं तर गल्लीच्या टोकापर्यंत, तेही माझ्याबरोबर.

सायकलवाला: तुम्हीच धरा, माझे हात ग्रीसचे आहेत. ‘यांना बोलता येत नाही. कृपया खालील पत्त्यावर पोहोचवावे.’ अक्षर झकास. तुम्ही छापखान्यात होता ना? प्रुफं तपासायला?

वहिनी: एकतीस वर्षं.

सायकलवाला: मग ही चूक कशी सुटली?

वहिनी: कुठली? सगळं बरोबर आहे. दोनदा वाचलंय मी.

सायकलवाला: पहिलंच वाक्य. मास्तर बोलतात की. रोज बोलतात. ते टायर लटकवलेत ना, त्याच्या पलीकडच्या कठड्यावर बसून.

वहिनी: थट्टा करू नका.

सायकलवाला: दिवसभर तीच करतो मी, पण अशी नाही करणार.

वहिनी: कुणाशी बोलतात?

सायकलवाला: कुत्र्यांशी.

वहिनी: शक्य नाही. यांना कुत्र्यांची भयंकर भीती. लहानपणी पोटरीचा लचका तोडला होता एकाने. दुकानाच्या दाराशी कायम काठी ठेवायचे.

सायकलवाला: असेल. पहिल्या दिवशी मी बघतच होतो. चालून दमले आणि कठड्यावर बसले. तेवढ्यात एक जाडी पांढरी कुत्री सरळ त्यांच्याकडे निघाली. मास्तरांचा चेहरा असा पांढरा पडला, मला वाटलं आता उठतो आणि मध्ये पडतो. त्यांना म्हणायचं असणार ‘हाड’. तोंडातून निघालं ‘उशी’. एवढ्या जोरात म्हणाले, ‘उशी’. ती थांबली, शेपटी हलवली आणि पायाशी मुटकुळं करून झोपली. काय करणार? स्वतःच हसायला लागले. तेव्हापासून तिचं नाव उशी.

वहिनी: हसले?

सायकलवाला: डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आता सात कुत्री झालीत. एक मंगळवार, एक अस्तर, एक जिना. जी हाक तोंडात येईल ती, आणि एकदा आली की तीच कायम. मला आधी वाटलं, खिशात बिस्किटं असणार. एकदा विचारलं तर खिसा उलटा करून दाखवला. शिंप्याच्या खडूचा एक तुकडा, बस्स.

वहिनी: मग येतात कशाला ती?

सायकलवाला: हेच मी बघत बसतो, हातातलं पंचर ठेवून.

वहिनी: पंक्चर.

सायकलवाला: हां, तेच. मास्तर कुत्र्याकडे थेट बघत नाहीत. कडेला बसतात, डावा हात गुडघ्यावर ठेवतात आणि गप्प. यायचं तर ये, नाहीतर तुझी मर्जी. तो मंगळवार, तो काही साधा गडी नव्हता. गळ्यात नायलॉनची दोरी. पिल्लू असताना कुणीतरी बांधली असणार, कुत्रं वाढलं आणि दोरी मानेत रुतली. पार चिघळलं होतं. पालिकेची माणसं दोनदा जाळं घेऊन आली, हात हलवत परत गेली. मीही एकदा गेलो होतो शहाणपणा करायला, ही बघा खूण.

वहिनी: बाई गं.

सायकलवाला: मास्तर तीन आठवडे नुसते त्याच्या शेजारी बसले. रोज चार बोटं जवळ सरकायचे. एके दिवशी घरून कात्री घेऊन आले, ती मोठी, दुकानातली.

वहिनी: ती उजव्या हाताची आहे.

सायकलवाला: तेच तर. डाव्या हातात उलटी धरली. आधी मानेवर बोटं फिरवली, माप घेतात ना तशी. दोरी कुठे सैल आहे ते शोधलं. मग कच्चकन एकच काप. कुत्र्याने हूं की चूं केलं नाही. वहिनी, मी आयुष्यात पुष्कळ कारागीर पाहिले, पण त्या दिवशी उठून उभा राहिलो मी.

वहिनी: कात्री घरात दिसेना तेव्हा मला वाटलं, बघवत नाही म्हणून कुठेतरी टाकून आले. मी विचारलंसुद्धा नाही.

सायकलवाला: एक कोडं मात्र सुटत नाही. जायची वेळ झाली की सगळ्यांना थोपटतात, उभे राहतात आणि एक हाक मारतात. ‘बटण’. मध्ये थांबतात, ओठ जुळवतात, वेगळं काहीतरी म्हणायला बघतात. परत तेच, ‘बटण’. त्या नावाचं कुत्रं मी काही अजून पाहिलं नाही. कुणीच येत नाही. मग काठी उचलून घराकडे वळतात. …वहिनी? पाणी देऊ?

वहिनी: नको.

सायकलवाला: माझं काही चुकलं का बोलण्यात?

वहिनी: इस्पितळात शुद्धीवर आले, तेव्हा माझ्याकडे बघून पहिला शब्द म्हणाले. ‘बटण’. इतक्या आनंदाने म्हणाले.

सायकलवाला: मग?

वहिनी: मग मी म्हटलं, बटण नाही, नीट आठवा, मी कोण? परत म्हणाले, बटण. मी म्हटलं, चूक. तीनदा. तिसऱ्यांदा भिंतीकडे तोंड फिरवलं. घरी आल्यावर पाणी मागायचं तर ‘रूळ’ म्हणायचे, मी म्हणायची, पाणी म्हणा, मग देते. डॉक्टरांनी सराव करून घ्यायला सांगितला होता. मला वाटलं, मी हेच तर करतेय. आठवड्याभरात बोलायचेच बंद झाले.

सायकलवाला: तुम्ही वाईट व्हावं म्हणून नाही केलं.

वहिनी: चूक दिसली की माझा हात आपोआप जातो हो. एकतीस वर्षं त्याचाच पगार घेतला.

सायकलवाला: कुत्र्यांचं एक बरं असतं. त्यांना शब्दकोश नसतो. आपल्याला बोलावतोय एवढं कळलं की ओ देतात.

वहिनी: मी काय करू आता? समोर गेले तर परत गप्प होतील.

सायकलवाला: जाऊ नका. तिथेच बसा, टायरांच्या आड. आले बघा. आज अस्तर पुढे आहे.

(सायकलवाला चाकाशी खटपट करू लागतो. वहिनी पेटीवर अंग चोरून बसतात, हातातली चिठ्ठी निसटून टायरांपलीकडे पडते. कठड्यावर काठी टेकल्याचा आवाज.)

मास्तर: ये. ये, उशी. बस. काल… काल फाटक. फार फाटक आलं. तू भिजलीस. हो ना?

सायकलवाला: सलाम मास्तर.

मास्तर: सलाम. मंगळवार, इकडे. मान. मान दाखव. हं… भरली. केस आले. छान… छान शिवण.

सायकलवाला: तुमच्या हाताला तोड नाही.

मास्तर: हात एकच… आता. जिना, ढकलू नको. सगळ्यांना जागा आहे.

सायकलवाला: मास्तर, एक विचारू? घरी का नाही बोलत असं?

मास्तर: घरी… ती आहे. फार हुशार. पुस्तकंच्या पुस्तकं… सरळ केली तिने. माझे शब्द वाकडे.

सायकलवाला: असू देत की वाकडे.

मास्तर: तिला लागतं. मी चुकलो की तिचा चेहरा… पडतो. बघवत नाही. म्हणून इथे… सराव. आधी तिचं नाव. नाव सरळ आलं की… घरी बोलीन.

सायकलवाला: आणि नाही आलं तर?

मास्तर: उद्या परत. चला, उशी. पुरे. अस्तर, पुरे. काठी… हं.

सायकलवाला: मास्तर, जरा थांबा. ती चिठ्ठी पडलीय खाली, मंगळवार चावतोय.

मास्तर: कसली?

सायकलवाला: काही नाही. तपासून झालीय, रद्द करायची आहे. तुम्ही मारा तुमची हाक.

मास्तर: ब… म… नाही. थांब. ब…

सायकलवाला: सावकाश.

मास्तर: बटण.

वहिनी: ओ.