मैसूरच्या बिंदुमाधवांचं नाव

मैसूरहून येलवालला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक मुलगी आणि तिचे शेजारी मराठीत बोलत होते.

“विश्वेशकाका, मी ऑनलाइन विश्वकोशातले लेख तपासते ना, त्यात एक लेख होता. संदेश गुप्त ठेवणाऱ्या एका मोफत सॉफ्टवेअरवरचा.”

“हं.”

“त्यात कुणीतरी सारखं एक नाव घालायचं. सुरुवातीचा कोड मैसूरच्या बिंदुमाधवांनी लिहिला म्हणून. मी तीनदा काढलं.”

“खोटं होतं काय?”

“पुरावा नव्हता. छापील काही दाखवा, म्हटलं. उत्तर आलं, छापलेलं काही नाही, पण काम मी केलंय.”

“म्हणजे ते स्वतःच लिहीत होते, होय की नाही?”

“हो. मी लिहिलं, स्वतःची जाहिरात इथे चालत नाही.”

“मंडी मोहल्ल्यातले बिंदुमाधव मेष्ट्रु काय गं? शाळेत गणित शिकवायचे ते?”

“तेच. काल पेपरात त्यांच्यावर लेख आला. कोड त्यांचाच होता, असं जुन्या साथीदारांनी सांगितलंय.”

“मग आता घाल की नाव.”

“सकाळीच घातलं. पुरावा म्हणून तो लेख जोडला.”

“बरं केलंस, मृण्मयी. मग तोंड का उतरलंय?”

“तो त्यांचा मृत्युलेख आहे, काका.”