यंदा न कापलेला आकडा

हिरोशिमात दुपारी ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबीच्या जपानी धिरड्यांच्या दुकानापुढे रांगेत उभा होतो. पुढे मोटार कारखान्यातले दोघं: विक्रीतला मोरिवाकी आणि जोडणीचे फोरमन कुसुनोकी.

"कुसुनोकीसान, घात झाला! आपल्या स्वस्त स्पोर्ट्स कारला महिन्याला दोन हजारांची मागणी आलीय."

"मग रडतोस कशाला?"

"आम्ही सांगतो त्याच्या निम्मीच तयारी तुम्ही ठेवता ना! हजार हव्यात म्हणून मी मुद्दाम दोन हजार लिहिलं होतं."

"तुम्ही आकडे फुगवता, म्हणून मी कापतो. यंदा नाही कापला."

"म्हणजे पुऱ्या दोन हजार निघतील?"

"सोमवारपासून."

"पण का नाही कापला?"

"चाचणीच्या रस्त्यावर तिच्यातून एक फेरी मारली. छत उघडं, माझी टोपी उडाली. ती उचलायची सोडून आणखी तीन फेऱ्या मारल्या."

"तुम्ही?"

"तीस वर्षं गाड्या जोडतोय. स्वतःला घ्यावीशी पहिल्यांदाच वाटली."

"मग नोंदवा की! तुमचं नाव सगळ्यात वर घालतो."

"खबरदार! बायकोनं नोंदवलीय, नंबर अठराशे बारा. आधीच्या अठराशे अकरा जोडल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही. सरक पुढे, रांग हललीय."